ताईच्या पाटल्या

परवा रात्री साडेनऊला चुलत भावाचा फोन आला. आमच्या घराण्यात रात्री साडेनऊचा फोन म्हणजे एक तर कुणी तरी गेलं, नाही तर कुणाला तरी कुठं तरी चिकटवायचंय. सुदैवानं दुसरा प्रकार होता.

"दादा, पोरगी कोडिंगचा क्लास लावते म्हणतेय. पुण्यात. लाखभर रुपये फी आहे. भरू का? तू मागं ताईच्या पोराला नको म्हणला होतास. त्याचं पुढं काय झालं?"

हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात नातेवाइकांतून सहाव्यांदा विचारला गेला. प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास तेच तेच सांगून माझा घसा बसला. म्हटलं, एकदाच नीट लिहून टाकावं. पुढच्या वेळी फक्त पत्ता पाठवायचा, की वाच बाबा! शिवाय इथं येणारी निम्मी मंडळी स्वतः आयटीतली आहेत. त्यांना माझं म्हणणं चुकीचं वाटलं तर तेही खाली खडसावतीलच.

तर गोष्ट २०२३ च्या दिवाळीनंतरची. भाचा बीएस्सी कॉम्प्युटर झालेला. मार्क चांगले. तीन ठिकाणी मुलाखतीला जाऊन आला आणि तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न आला, "प्रॅक्टिकल अनुभव काय?" आता अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हे गुऱ्हाळ तुम्हा सगळ्यांना माहीत आहेच. मित्रानं सांगितलं, पुण्यात एक क्लास आहे, सहा महिन्यांचा, 'लाइव्ह प्रोजेक्ट' देतात. फी ९५ हजार. कॉटबेसिस आणि मेस मिळून महिन्याला ९ हजार. म्हणजे सहा महिन्यांचे ५४ हजार. एकूण दीड लाखाला हजार कमी.

दाजींचे अक्कलकोट रोडला चार माग आहेत. टॉवेलचे. चार माग म्हटल्यावर लोकांना वाटतं कारखानदार. प्रत्यक्षात सुताचा भाव, विजेचं बिल आणि व्यापाऱ्याकडं अडकलेली उधारी यातून महिन्याच्या शेवटी हातात काय राहतं ते त्यांनाच माहीत. ताईनं मला फोन केला तेव्हा सगळं ठरवूनच केला होता. "माझ्या पाटल्या ठेवते सोनाराकडं. पोराचं आयुष्य आहे. तू फक्त हा क्लास चांगला आहे का तेवढं बघून सांग."

मी म्हणालो, "ताई, पाटल्या ठेवू नको."

म्हणून तर मोकळा झालो, पण रात्री झोप लागेना. समजा पोराला नोकरी लागली नाही, तर आयुष्यभर ऐकावं लागणार, की मामानं नको म्हटलं म्हणून राहिलं. सल्ला देणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही, हेच सल्ल्याचं सगळ्यात वाईट अंग.

*

मी नको का म्हणालो, त्याला माझाही थोडा इतिहास आहे.

मी कॉलेजात होतो ते नव्वदचं दशक. लॅबमध्ये तिघांत एक मशीन. त्यातलं एखादं कायम बंद, मग चौघांत एक. टर्बो सीचा तो निळा पडदा दिसला की अंगावर काटा यायचा. आम्ही प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचो, शाईच्या पेनानं! मग ओळीओळीवर बोट ठेवून मनातल्या मनात चालवायचो. त्याला 'ड्राय रन' म्हणायचे. आठवड्यात दोनदा अर्धा तास मशीन मिळायचं. त्यात सेमीकोलन राहिला की आठवडा गेला. १.४४ एमबीची फ्लॉपी खिशात घेऊन फिरायचं आणि ऐन वेळी ती वाचताच यायची नाही.

तेव्हा गरिबी होती ती मशीनची. आज ती तशी राहिलेली नाही. मुळातली साधनं तर कधीच फुकट झालेली आहेत. रिचर्ड स्टॉलमननं १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं स्वतःच्या ३८६ पीसीवर लिनक्सची सुरुवात केली. पायथन ही भाषाही १९९१ चीच. जगातले मोठमोठे सर्व्हर ज्या मालावर चालतात, तोच माल जुळे सोलापूरच्या पोराला एक पैसा न देता मिळतो. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपनीचा इंजिनिअर आणि आमचा भाचा, दोघांच्या हातात हत्यार तेच. असं दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे हो? सुताराला रंधा विकत घ्यावा लागतो, दाजींना माग घ्यावा लागला.

मग २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटाचा भाव कोसळला. शिकायचं साहित्यही पडलेलं आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प तर मला फार आवडतो. दहा-दहा मिनिटांचे धडे, डाउनलोड करून ठेवायचे. पडद्याच्या एका बाजूला धडा लावायचा आणि दुसऱ्या बाजूला आपण तेच करत जायचं. लिनक्स, सी, पायथन.. आणि यातले कितीतरी मराठीत! एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत, ऐकायला फी नाही. फ्रीकोडकॅम्प २०१४ पासून फुकट शिकवतंय.

एवढं सगळं असताना दीड लाख कशाला? असा माझा बिनतोड मुद्दा होता. मी तो रविवारी भाच्यासमोर मोठ्या ऐटीत मांडला. पोहे खात खात.

तो गप्प ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मामा, तुम्हाला ते फुकट वाटतं. मला ते फुकट नाही."

"म्हणजे?"

"क्लास लावला तर मी पुण्यात असतो. सकाळी दहाला बसायचं म्हणजे बसायचं. इथं मी दहाला लॅपटॉप उघडला की पप्पा म्हणतात, जरा सुताचा गठ्ठा उतरवून घे. आई म्हणते, रिकामाच बसलायस तर दळण आण. मित्र खालून ओरडतो, काय करूलालास बे, चल पार्कला! सगळ्यांना वाटतं मी घरी आहे म्हणजे मोकळा आहे. क्लासला पैसे भरले की ते काम होतं. न भरता केलं की तो टाइमपास."

पोह्याचा घास माझ्या घशात अडकला. पंचवीस वर्षं या धंद्यात काढून मला जे सुचलं नव्हतं ते पोरानं चार वाक्यांत सांगितलं. लोक फी भरतात ती ज्ञानासाठी नव्हेच. बसायला जागा मिळावी, घरच्यांनी हाक मारू नये, शेजारी आपल्यासारखंच डोकं फोडणारं कुणी असावं आणि चुकलं तर विचारायला माणूस असावा, यासाठी भरतात. या चार गोष्टी इंटरनेटवरून डाउनलोड होत नाहीत. आम्ही पगारदार मंडळी 'सगळं फुकट आहे की रे!' असं म्हणतो तेव्हा आपल्याला स्वतंत्र खोली आहे, टेबल आहे, दार लावून घ्यायची सोय आहे, हे विसरूनच म्हणतो.

तरीही मी क्लासला हो म्हणालो नाही. कारण 'लाइव्ह प्रोजेक्ट'ची चौकशी केली तेव्हा कळलं, की गेल्या तीन बॅचेसना एकच प्रोजेक्ट होता. हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम. त्यात हॉस्पिटल नव्हतं, पेशंट नव्हते आणि ते चुकलं तर कुणाचं काही बिघडणारही नव्हतं. चाळीस मुलांच्या रेझ्युमेत तेच एक हॉस्पिटल! मुलाखत घेणारा काय मूर्ख असतो का?

मग मी ठरवलं, की सल्ला देऊन सुटायचं नाही. त्या चार गोष्टी इथंच जमवता येतात का बघायचं.

*

हिशोब मांडतो, कारण चुलत भावाला तोच हवाय.

जुना, कंपनीतून निघालेला लॅपटॉप १४,५०० ला मिळाला. त्याची हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी टाकली, १,६०० रुपये. चार जीबी रॅम वाढवली, १,२०० रुपये. एकूण १७,३००. हे २०२३ च्या अखेरचे भाव, आज विचारून घ्या. जुन्या मशीनला एसएसडी म्हणजे म्हाताऱ्याला नवा चष्मा. एकदम पळायलाच लागतं. त्यावर लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती टाकली. बॅटरी जेमतेम चाळीस मिनिटं टिकते. पण वीज गेल्यावर काम जतन करायला तेवढी पुरते.

जागेसाठी माझ्या घरातली मागची खोली दिली. २०२० साली घरून काम सुरू झालं तेव्हा मी पुण्याहून सोलापूरला परतलो ते परत गेलोच नाही. त्यामुळं टेबल होतंच. सकाळी दहा ते दुपारी दोन. ताईला बजावलं, या वेळात फोन करायचा नाही, दळण तर अजिबात नाही.

शेजारी डोकं फोडायला त्याच्याच वर्गातले दोघे बोलावले. आणि विचारायला माणूस म्हणजे मी. रोज नाही, बुधवारी आणि शनिवारी एक एक तास. मुद्दाम कमी ठेवला. लगेच उत्तर देणारा मामा मिळाला की पोरं शोधणं सोडतात.

राहिला प्रोजेक्ट. तिथं गाडी अडली. तिघांनी मिळून काय काय सुचवलं! ऑनलाइन शॉपिंगची साइट, चॅट ॲप, हवामान दाखवणारं पान. मी विचारलं, "हे उद्या सकाळी कोण वापरणार आहे?" तिघंही एकमेकांकडं बघायला लागले.

उत्तर दाजींकडं होतं.

दाजींकडं कामगारांची मजुरी नगावर असते. कुणी किती टॉवेल विणले, त्यातले खराब किती, आधी घेतलेली उचल किती आणि त्यातली या आठवड्यात किती कापायची, हे सगळं एका लाल वहीत. शनिवारी संध्याकाळी दाजी दोन तास बेरजा करत बसतात आणि बाहेर माणसं ताटकळतात. मी म्हणालो, "हे करा." भाच्याचं तोंड पडलं. एवढं बीएस्सी होऊन वडिलांची वही लिहायची! त्याला क्लाउड करायचं होतं.

*

जरा आडवाटेनं जातो, पण विषय सोडून नाही.

सोलापुरी चादरीवरचा मोर तुम्ही सगळ्यांनी पांघरलाय. पण तो उमटतो कसा हे किती जणांनी बघितलंय? मागाच्या डोक्यावर जकार्ड बसवलेलं असतं आणि त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ फिरत असते. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक फेर. जिथं भोक आहे तिथला आकडा वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर उभा धागा. जिथं भोक नाही तिथला धागा खालीच. भोक आहे किंवा नाही. एक किंवा शून्य!

जोसेफ मारी जकार्डनं हे यंत्र फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास केलं. इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेजनं हीच पुठ्ठ्यांची कल्पना आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात घेतली. १८४३ मध्ये एडा लव्हलेसनं त्या यंत्रावर टिपणं लिहिली, त्यातही मागाचीच उपमा आहे. पुढं हर्मन हॉलेरिथनं १८९० ची अमेरिकेची जनगणना भोकांच्या कार्डांवर मोजली. म्हणजे कॉम्प्युटरच्या खानदानात एक पणजोबा माग आहे, आणि त्या पणजोबाची भावंडं आमच्या पूर्व भागात अजून खडखडतायत. हल्ली काही ठिकाणी पुठ्ठ्यांची जागा इलेक्ट्रॉनिक जकार्डनं घेतली आहे, पण तत्त्व तेच.

मी लहानपणी एका कारखान्यात पुठ्ठे पाडणाऱ्या काकांच्या शेजारी तासन् तास बसायचो. चौकटीच्या कागदावरचं नक्षीकाम बघून ते भोकं पाडायचे. एक भोक चुकलं तर? दर चादरीवर, दर मोराच्या पिसात, नेमक्या त्याच जागी तोच डाग. व्यापारी माल परत करणार. म्हणून ते पाडलेला पुठ्ठा उजेडात धरून परत परत तपासायचे. आज कळतं, की मी आयुष्यात पाहिलेलं पहिलं टेस्टिंग ते होतं. अनुभव म्हणजे किती पुठ्ठे पाडले याचा आकडा नव्हे. आपल्या चुकलेल्या भोकाची चादर परत आलेली ज्यानं पाहिली, तो अनुभवी.

म्हणूनच मी लाल वहीवर अडून बसलो.

*

तीन आठवड्यांत पोरांनी पायथनमध्ये प्रोग्रॅम उभा केला. पहिला धक्का भाषेचा. सगळी नावं मराठीत टाकली आणि छापली, तर रकाने वाकडेतिकडे. प्रत्येक नावाला ठरावीक जागा दिलेली, तरी पुढचे आकडे एका रेषेत येईनात. दोन दिवस डोकं खाजवलं. मग मी एवढंच म्हणालो, "पायथनला विचार, 'सोलापूर' शब्दात अक्षरं किती?" त्यानं विचारलं. आपण म्हणू चार. पायथन म्हणाला सात! कारण युनिकोडमध्ये काना, मात्रा, उकार हे सगळे वेगळे मोजले जातात. कॉलेजच्या पुस्तकातली सगळी उदाहरणं इंग्रजीत, तिथं एक अक्षर म्हणजे एक जागा. हा खड्डा पुस्तकात कधी लागलाच नसता.

दुसरा धक्का छापील चिठ्ठीचा. दाजींकडचे सगळ्यात जुने कामगार पद्मशाली समाजातले, वय साठीच्या पुढं, शाळा तेलुगू माध्यमाची आणि तीही चौथीपर्यंतच. सुंदर मराठी चिठ्ठी हातात दिली तर त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि घडी घालून खिशात ठेवली. काही बोलले नाहीत. वाचता येत नाही हे माणूस बोलून दाखवत नाही. पोरांच्या ते लक्षात यायला दोन शनिवार गेले. मग चिठ्ठी तेलुगूतही निघायला लागली. ज्याच्यासाठी करतो तो ते वाचतो का, हे जाऊन बघावं लागतं. मोठमोठ्या कंपन्या याच कामासाठी वेगळी माणसं ठेवतात.

तिसरा धक्का मात्र खरा होता.

पाचव्या शनिवारी त्याच कामगारांनी चिठ्ठी बघितली, मनातल्या मनात काही तरी पुटपुटले आणि भाच्याला म्हणाले, "पाचशे कमी हाय की मालक."

भाचा म्हणाला, "कॉम्प्युटरनं काढलंय काका, चुकणार नाही."

ते म्हणाले, "हाय कमी."

दाजींनी लाल वही काढली (ती त्यांनी बंद केलीच नव्हती, हुशार माणूस!). बेरीज केली. पाचशे कमी. मग बाकीच्यांच्या चिठ्ठ्या तपासल्या. ज्यांच्या ज्यांच्यावर उचल होती त्या सगळ्यांचा हप्ता दोनदा कापला गेला होता. भाच्यानं शुक्रवारी रात्री 'सहज बघू' म्हणून प्रोग्रॅम एकदा चालवला होता. आणि प्रोग्रॅम असा लिहिलेला, की चालवला की हप्ता कापायचा आणि नोंद करून टाकायची. शनिवारी परत चालवला, परत कापला!

त्या संध्याकाळी आठ माणसांपुढं भाचा मान खाली घालून उभा होता. दाजींनी सगळ्यांचे पैसे तिथल्या तिथं दिले. कुणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. पाचशे रुपये म्हणजे त्या घरातला आठवड्याचा किराणा. ही चूक पकडली गेली नसती तर?

रात्री तो माझ्याकडं आला. म्हणाला, "मामा, मी त्यांना चुकणार नाही म्हणलो." एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून पोरगा बदलला. हिशोब नुसता बघणं वेगळं आणि कायम करणं वेगळं, असे दोन भाग केले. एका आठवड्याचा हप्ता एकदाच कापला जाईल, कितीही वेळा चालवा. प्रत्येक नोंदीला तारीख आणि वेळ. मागच्या सहा महिन्यांची लाल वही बसून टाइप केली आणि जुन्या प्रत्येक शनिवारचा आकडा जुळतो का बघितलं. गिटवर रोजचं काम ठेवायला लागला, कारण 'कालपर्यंत चालत होतं' हे वाक्य पुरावा नसतं हे कळलं. यातलं काहीही मी शिकवलं नाही. पाचशे रुपयांनी शिकवलं.

*

आता काही जण म्हणतील, की हे सगळं कशाला? नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, आता कोड तर तेच लिहून देतं. खरंच देतं. आमच्या तिघांनीही त्याचा वापर केला, मी अडवलं नाही. गंमत सांगू? हप्ता दोनदा कापणारा तो तुकडा त्यांनी त्याच्याकडूनच लिहून घेतला होता. विचारल्याप्रमाणं अगदी बरोबर होता. विचारायचंच चुकलं होतं. कोड लिहिणं स्वस्त झालंय, पण पाचशे कमी आहेत हे ओळखणारा माणूस स्वस्त झालेला नाही. चौथी शिकलेल्या त्या काकांना पायथन येत नव्हतं, पण या प्रोग्रॅमचे सगळ्यात चांगले परीक्षक तेच होते, कारण त्यांचे पैसे त्यात होते.

आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत, समोर बसलेल्या मुलांसाठी त्यांनी पुस्तकात क्यूआर कोड चिकटवले. त्यात महागडं काहीही नव्हतं. क्यूआर कोडसुद्धा त्यांचा शोध नव्हे. पण समोरच्या मुलाला काय अडतंय हे त्यांनी बघितलं. पुढं ती कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत गेली आणि २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली. बक्षीस सगळ्यांना मिळत नाही, मान्य. पण अडलेलं माणूस शोधायला बजेट लागत नाही, हे तर खरं?

आणि अडलेली माणसं कुठं नाहीत? बचत गटाच्या वह्या आहेत. गल्लीतलं वाचनालय आहे, जिथं कुठलं पुस्तक कुणाकडं गेलंय ते फक्त ग्रंथपालबाईंच्या डोक्यात असतं. मेसचा हिशोब आहे, दूधवाल्याचं कार्ड आहे. सोलापुरात कोडिंगचा अनुभव मिळत नाही म्हणणाऱ्यानं एक शनिवार कुठल्याही दुकानाच्या गल्ल्याशेजारी बसून बघावं.

*

माझं म्हणणं सगळ्यांना लागू आहे असं नाही. माझ्या भाच्याला मामा मिळाला, मामाकडं खोली होती. ज्याच्या घरात कुणीच या धंद्यात नाही आणि एका खोलीत सहा माणसं राहतात, त्यानं चांगला क्लास लावला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त पैसे भरण्याआधी मागच्या बॅचच्या दोन मुलांना गाठून विचारा, की प्रोजेक्ट कुणासाठी केला आणि तो आज कोण वापरतं? उत्तर 'कुणीच नाही' असेल तर पाटल्या घरीच ठेवा.

आणि नातेवाईक मंडळींना हात जोडून विनंती. पोराला मदत करायची तर फीसाठी उसने पैसे नंतर द्या. आधी एक टेबल द्या, चार तासांची शांतता द्या आणि तुमच्या धंद्यातलं एक खरं, कंटाळवाणं काम द्या. त्याचा हिशोब चुकेल, तो सोसा. तुमची लाल वही मात्र बंद करू नका! इथल्या आयटीवाल्या ब्लॉगर मंडळींनाही सांगतो, आपापल्या गावातल्या एका पोराला आठवड्याचा एक तास द्या. आपण वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं फुकट वापरून पगार घेतला. तेवढं देणं लागतोच.

आता चुलत भावाच्या प्रश्नाचं उत्तर. त्याचं पुढं काय झालं?

त्याच्याबरोबरच्या दोघांपैकी एक हैदराबादला लागला. भाच्याला अजून कायमची नोकरी नाही, उगाच खोटं कशाला सांगू. दाजींचं बघून शेजारच्या दोन कारखानदारांनी तोच प्रोग्रॅम मागितला. त्याचे त्यानं पैसे घेतले, थोडेच, पण लॅपटॉपचे निघाले. गेल्या महिन्यात एका मुलाखतीत त्याला विचारलं, तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती? म्हणाला, "मामा, पहिल्यांदा असं झालं, की मला उत्तर पाठ करावं लागलं नाही. पाऊण तास त्या पाचशे रुपयांवरच बोलत होतो." दुसऱ्या फेरीला बोलावलंय. उद्याच्या हुतात्मानं निघतोय.

लागेल की नाही, मला माहीत नाही. नाही लागली तर ताई मला बोलेल, आणि मी ऐकून घेईन. पण काल तिच्याकडं गेलो होतो. चहा ओतताना हातातल्या पाटल्या वाजल्या, आणि मला जरा बरं वाटलं.

असो. भावा, वाचलंस का सगळं? आता फोन करू नकोस. पुतणीला रविवारी घरी पाठव. आणि येताना तुझ्या किराणा दुकानाची उधारीची वही बरोबर दे!